टेप कंबरेला, काळजी मेंदूची

महाशय,

जागतिक अल्झायमर दिन २१ सप्टेंबरला येतो आणि जागतिक मधुमेह दिन १४ नोव्हेंबरला. पहिल्या दिवसाच्या पुरवण्यांत शब्दकोडी, सुडोकू, अक्रोड आणि ब्राह्मी असते. दुसऱ्या दिवसाच्या पुरवण्यांत पाय, डोळे आणि मूत्रपिंड. पावणेदोन महिन्यांच्या फरकाने छापल्या जाणाऱ्या या दोन मजकुरांची कधी गाठ पडत नाही. मधुमेहाच्या लेखात मेंदू नसतो आणि स्मृतिभ्रंशाच्या लेखात पोटाचा घेर नसतो. म्हणून हे पत्र.

सत्तरीत डोके कसे चालेल, हे ठरवणाऱ्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्यांतल्या बऱ्याच चाळिशी ते साठी या वीस वर्षांत निकालात निघतात: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन. आपल्याकडे हे कळीचे ठरते, कारण दोन्ही बाजूंचे आकडे मोठे आहेत. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले: १० कोटी १० लाख मधुमेही, १३ कोटी ६० लाख सीमारेषेवरचे, ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, ३९.५ टक्क्यांचे पोट सुटलेले. दुसऱ्या यादीतले चाळिशीचे लोक आणखी पंचवीस वर्षांनी पहिल्या यादीच्या दारात उभे असणार आहेत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली आणि ती सगळी दूर झाली तर जगातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असे मांडले. त्यात मध्यमवयातील एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा वाटा ७ टक्के, मधुमेहाचा २, रक्तदाबाचा २, लठ्ठपणाचा १. दोन टक्के वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशासाठी आटापिटा कशाला? पण हे आकडे साऱ्या जगाच्या सरासरीचे आहेत, आणि एकाच वेळी येणाऱ्या कारणांचे वाटे एकमेकांतून वजा करून काढलेले आहेत. आपल्या घरात ही चौकडी क्वचितच सुटी येते. एकाच माणसाच्या फाइलीत चौघीही सापडतात.

वयाचा मुद्दा तर फारच कमी वेळा सांगितला जातो. ब्रिटनच्या सरकारी नोकरदारांवर १९८५ पासून चाललेल्या ‘व्हाइटहॉल २’ अभ्यासात सत्तरीच्या टप्प्यावरच्या लोकांची तुलना झाली. ज्यांना मधुमेह होऊन दहापेक्षा जास्त वर्षे झाली होती, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या दुप्पट निघाला. ज्यांना पाच वर्षांच्या आत झाला होता, त्यांच्यात ठळक वाढ दिसली नाही. युरोपियनांपेक्षा भारतीयांना मधुमेह साधारण दशकभर आधी गाठतो. तेव्हा ‘आमच्या आजोबांना साठीनंतर शुगर निघाली आणि ते नव्वदीपर्यंत ठणठणीत होते’ हा दाखला अडतिसाव्या वर्षी गोळी सुरू झालेल्या नातवाला लागू पडत नाही. मधुमेह नसतानाही उतरंड सुरू असते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील दोन हजारांवर वृद्धांच्या साखरेच्या नोंदी २०१३ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा मधुमेह नसलेल्यांतही सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असेल तर धोका १८ टक्क्यांनी जास्त दिसला. ‘बॉर्डरवर आहे, चालतंय’ हे वाक्य प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर छापलेले नसते, ते आपण घरी येऊन जोडतो.

हे घडते कसे? मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण खर्च एकूण ऊर्जेच्या पाचव्या हिश्श्याइतका. मेंदूच्या खोल भागाला रक्त पोहोचते ते अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून. वाढलेला दाब आणि साखर वर्षानुवर्षे याच नळ्यांच्या भिंती जाड करतात. सोसायटीच्या टाकीत पाणी आहे, पण शेवटच्या घराच्या नळाला करंगळीएवढी धार, तशी गत होते. एखादी नळी बंद पडते; लकवा येत नाही, तोंड वाकडे होत नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला की रिपोर्टात ‘जुने लहान इन्फार्क्ट’ (रक्त न पोहोचल्याने मेलेला ठिपका) किंवा ‘व्हाइट मॅटरमधील बदल’ अशी ओळ येते आणि ‘वयामानाने असायचंच’ म्हणून फाइलबंद होते. पंचावन्न वर्षांच्या मधुमेह्याच्या रिपोर्टातली ही ओळ फाइलबंद करण्याची नसते. त्या दिवसापासून रक्तदाबाची वही सुरू करायची असते.

इन्सुलिनचाही थेट भाग आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तातून मेंदूत पोहोचणारे इन्सुलिन घटते. शिवाय इन्सुलिनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचेही विघटन करते, त्यामुळे रक्तात इन्सुलिन भरमसाट असेल तर त्या विकराला दोन कामे एकदम पडतात, असा एक तर्क आहे. यावरूनच २००५ मध्ये ‘टाइप ३ डायबेटिस’ हा शब्द निघाला आणि समाजमाध्यमांवर सुसाट सुटला. आमच्या मते हा शब्द टाळावा. वैद्यकात असे निदान नाही. मधुमेह्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले गेले तेव्हा अमायलॉइडच्या वाढीपेक्षा बारीक रक्तवाहिन्यांची हानी जास्त सातत्याने सापडली. नाकावाटे इन्सुलिन देण्याची मोठी चाचणी २०२० मध्ये निष्फळ ठरली. आणि वजन उतरवण्यासाठी गाजणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या गोळ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातील अल्झायमरचा वेग मंदावला नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. आग लागल्यावर विहीर खणण्याचे हे प्रयोग होते. अल्झायमरवर उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या खोबरेल तेलाच्या चमच्यांबद्दल तर न बोललेलेच बरे.

आता मोजमापाकडे. आपल्याकडे वजनकाटा फसवतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवले. त्यांचे आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून टेप हवी. घेर पँटच्या पट्ट्यावर किंवा पायजम्याच्या नाडीवर मोजायचा नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि ‘माझी कंबर अजून चौतीसच’ म्हणतो. काखेखालून बोट सरळ खाली आणावे, शेवटच्या बरगडीची कड लागते. तिथून खाली खुब्याच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप, चारी बाजूंनी जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचावा, पोट आत ओढून नव्हे. दोनदा मोजावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची रेषा.

याला चार आकडे जोडावेत: ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. घेर धरून पाचांपैकी तीन जमले की चयापचय बिघडलेला समजावा, मग भले प्रत्येक आकडा ‘थोडासाच’ वर असो. एलडीएल या पाचांत बसत नाही, पण मेंदूच्या दृष्टीने तो वेगळा बघावाच लागतो. ‘स्टॅटिनने विसरायला होतं’ या भीतीने कोलेस्टेरॉलची ही गोळी परस्पर बंद करणारे बरेच असतात. मोठ्या चाचण्यांत या भीतीला आधार मिळालेला नाही.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, सोयीची आहे, पण तिचा आधार हिमोग्लोबिन आहे. लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असलेल्या बाईत ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, नुकतेच रक्त चढवले असेल, तर ती बहुधा कमी दाखवते. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या सिकलसेलच्या पट्ट्यात ५.६ आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर सोबत असावी.

मेंदूच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा साखरेपेक्षाही रक्तदाबाचा आहे. २०१९ च्या ‘स्प्रिंट-माइंड’ या चाचणीत नऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांचा वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवले, उरलेल्यांचा १४० च्या खाली. पहिल्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी, म्हणजे सौम्य स्मृतिदोष, १९ टक्क्यांनी कमी झाला. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, कारण चाचणी लवकर थांबवावी लागली होती. मधुमेही या चाचणीत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आणि तिथे दाब मोजला तो पाच मिनिटे शांत बसवून, यंत्राने. जिना चढून आलेल्याचा बाह्या गुंडाळून घेतलेला १२० आणि हा १२० एक नव्हे.

घरी मोजताना चुका ठरलेल्या असतात. लघवीला जाऊन यावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिसरी नको. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, दंड टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटे गप्प. पट्टा उघड्या दंडावर, आणि दंडाच्या मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की दाब उगाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाच्या सोडून बाकींची सरासरी. ती १३५/८५ च्या वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. जुन्या मधुमेह्याचा आणि साठीपुढच्या माणसाचा दाब उभा राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनीही घ्यावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर गोळ्या वाढवण्याआधी तो विचार व्हायला हवा, नाहीतर दाब सुधारतो आणि माणूस न्हाणीघरात पडतो.

साखरेचे गणित मात्र ‘जितकी कमी तितकी चांगली’ असे नाही, आणि इथेच घरोघरी गफलत होते. एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न करणाऱ्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत विचारशक्तीला फायदा झाला नाही आणि मृत्यू वाढल्याने तो भाग २००८ मध्ये थांबवावा लागला. उलट कॅलिफोर्नियातील १६,६६७ मधुमेह्यांच्या नोंदींत, रुग्णालयात न्यावे लागण्याइतकी साखर तीन किंवा अधिक वेळा उतरलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. म्हणूनच धडधाकट ज्येष्ठांसाठी एचबीएवनसीचे लक्ष्य ७ ते ७.५ च्या आत, आणि अनेक व्याधी किंवा विसराळूपणा असलेल्यांसाठी ८ च्या आत, असे सैल ठेवतात.

एकादशीचे उदाहरण घ्या. सकाळी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने घेतली जाते. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, स्वादुपिंडाला कामाला लावते. अकरा-साडेअकरापर्यंत नुसता चहा. मग घाम, थरथर. वृद्धांत मात्र बऱ्याचदा फक्त बरळणे, चिडणे, सदऱ्याची बटणे वरखाली लावणे. घरचे म्हणतात, ‘आज यांचं काय बिनसलंय!’ रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर छातीची धडधडही जाणवत नाही. नंतर दोन वाजता ताटभर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि साखर दुसऱ्या टोकाला. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच, मग जेवण. पेढा किंवा बिस्किट नको. त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते. रुग्ण मधुमेहासाठी वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडण्याचे कामच ही औषधे रोखतात. अशा घरात ग्लुकोजची पावडरच हवी. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणि उपवासाच्या दिवसाचा डोस कोणता, हे आषाढी-कार्तिकीच्या आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावे.

औषधांच्या डब्याचीही झडती घ्यावी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे चांगले औषध आहे, पण वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ घटवते, आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते. पुण्यातील अभ्यासांनी हे वारंवार दाखवले आहे. बी-१२ ची उणीव विसरभोळेपणासारखी दिसते आणि वेळेत भरून काढली तर सुधारते. म्हणून वर्षातून एकदा तपासणी. २०० पिकोग्रॅमच्या खाली उपचार नक्की, २०० ते ३०० मध्ये लक्षणे बघून. मेटफॉर्मिन स्वतःहून थांबवू नये. पायांच्या जळजळीसाठी रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन आणि वर सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, ही तिन्ही मेंदूतल्या एकाच रसायनाला अडवतात. तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली ही तीन औषधे सत्तरीच्या एकाच माणसाच्या पोटात जातात, आणि मग ‘आई अचानक गोंधळायला लागली’.

खाण्याबद्दल सगळेच बोलतात, आम्ही थोडेच बोलतो. पोळी किंवा भात, एका जेवणात एकच, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, कोशिंबीर आधी. ज्वारीची म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर माफी नाही. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे दिवसाला ३० ते ४० ग्रॅम साखर, न खाल्ल्यासारखी. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे जेवणानंतरची साखर खरोखर खाली आणते, आणि ते सकाळच्या फिरण्याची जागा घेत नाही, त्यात भर घालते. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा एकत्र प्रयोग झाला, त्याचा बुद्धीच्या चाचण्यांत फायदा दिसला (२०१५). उशीर झाला म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. एक मात्र उलटे आहे: सत्तरीनंतर प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर अभिनंदन करू नये. स्मृतिभ्रंश उघड होण्याच्या कित्येक वर्षे आधी वजन घटू लागते.

शेवटी यंत्रणेबद्दल. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांच्या धोक्याचा जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात कंबरेचा घेर आहे आणि साठीपुढच्यांना ‘जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का’ असाही प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या, हे चांगलेच झाले. पण घरचा पत्ता विसरणारा माणूस आजारात बराच पुढे गेलेला असतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या बिघाडात आठवणीआधी क्रम आणि वेग जातो: इन्सुलिन टोचून जेवायला विसरणे, संध्याकाळचा डोस दोनदा घेणे, पेनवर १२ ऐवजी २१ युनिट लावणे, बँकेची स्लिप अर्धवट सोडणे. मधुमेह्याच्या घरी आशाताईंनी हे विचारावे, आणि शक्यतो रुग्णाला नव्हे, त्याच्यासोबत राहणाऱ्याला.

पासष्टीपुढच्या मधुमेह्याची बुद्धीची चाळणी दरवर्षी व्हावी, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची शिफारस आहे. मिनी-कॉग चाचणीला तीनेक मिनिटे लागतात: केळे, सूर्योदय, खुर्ची असे तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला लावायचे, मग शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दाला एक गुण, बरोबर घड्याळाला दोन; पाचांपैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. आधी चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले असावे, आणि साखर ७० च्या वर असल्याची खात्री करावी. पेन्सिल कधी हातात न धरलेल्या माणसाला घड्याळ काढायला लावणे अन्यायाचे आहे. त्याच्याबाबत घरच्यांचे उत्तर जास्त खरे. मधुमेहाच्या बहुतेक छापील कार्डांवर पाय, डोळे आणि लघवीतील प्रथिने यांचे रकाने असतात. त्याखाली ‘स्मरण’ असा चौथा रकाना छापायला आरोग्य विभागाला वेगळ्या निधीची गरज पडू नये.

आपले,
मधुमेह आणि मेंदूविकार या विषयांत काम करणारे दोन डॉक्टर, पुणे